वारा कोणीकडचा आहे?

रासायनिक कारखान्याच्या कुंपणाजवळून जाताना उंच खांबावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक लांबट कापडी पिशवी फडफडताना आपण पाहिली असेल. तिला विंडसॉक म्हणतात. विमानतळावरही ती असते. वारा जिकडून येतो तिकडे तिचे रुंद तोंड आणि जिकडे जातो तिकडे तिचे निमुळते शेपूट, एवढाच तिचा व्यवहार. ती ताठ आडवी झाली की वारा जोराचा, लोंबकळू लागली की मंद. कुंपणाच्या आत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे पाहावयास शिकवितात. कुंपणाबाहेर राहणाऱ्या आपल्याला ते कोणीही शिकवीत नाही.

आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. कारण सरळ आहे. तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींच्या भोवती आज दाट लोकवस्ती आहे. दिवसा तरुण मंडळी कामावर असतात, मुले शाळेत असतात. घरात उरतात ती ज्येष्ठ माणसे आणि त्यांची शुश्रूषा करणारी एखादी व्यक्ती. वायुगळतीसारखा प्रसंग आला तर वेगाने पळणे ज्यांना शक्य नाही, तीच माणसे घरी असतात. त्यांच्यासाठी वाऱ्याचे ज्ञान औषधाच्या डबीइतकेच उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे.

भोपाळची २ व ३ डिसेंबर १९८४ दरम्यानची रात्र आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. टाकीत पाणी कसे गेले, शीतयंत्रणा बंद का होती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते येथे पुन्हा सांगत नाही. आपण त्या रात्रीच्या हवेकडे पाहू. थंडीचे दिवस होते, मध्यरात्र उलटून गेली होती आणि वारा अगदी मंद होता. कारखाना शहराच्या उत्तरेला होता आणि वाऱ्याचा रोख दक्षिणेकडे, म्हणजे जुन्या वस्तीकडे व रेल्वे स्थानकाकडे होता. या विषाची वाफ हवेच्या सुमारे दुप्पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत घरांच्या दारांपर्यंत सरकत गेली. लोक खोकत, डोळे चोळत बाहेर आले आणि वाट फुटेल तिकडे धावले. असंख्य माणसे नकळत वाऱ्याच्याच दिशेने, म्हणजे त्या ढगाच्या सोबतीने धावत राहिली. याउलट कारखान्यातील पाळीवरचे बहुतेक कामगार वाऱ्याच्या उलट बाजूने बाहेर पडले आणि बचावले. विषाच्या सर्वांत जवळ तेच होते. पण वारा कोणीकडचा आहे हे त्यांना ठाऊक होते. मध्य प्रदेश शासनाने मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे, आणि प्रत्यक्ष संख्या त्याहून पुष्कळ अधिक होती असे मानणारे जाणकार थोडे नाहीत.

मंद वाऱ्याची थंड रात्र इतकी घातक का ठरते, हे समजून घेण्यासाठी आपल्या गावाकडची हिवाळ्यातील पहाट आठवावी. चुलीचा किंवा शेकोटीचा धूर त्या वेळी वर चढत नाही. कौलांच्या थोडा वर जातो आणि चादर अंथरल्यासारखा पसरतो. दुपारी तोच धूर बघता बघता आभाळात विरून जातो. दिवसा तापलेल्या जमिनीमुळे हवा वर उठते, घुसळली जाते आणि तिच्यातील कोणतीही गोष्ट पातळ होत जाते. निरभ्र रात्री मात्र जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. या झाकणाखाली सोडलेला वायू विरत नाही. तो दाट राहूनच हळूहळू पुढे सरकतो.

इंग्लंडमधील हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ साली वाऱ्याचा वेग, ऊन आणि ढग यांवरून हवेच्या या स्वभावाचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग पाडले. ‘ए’ म्हणजे चांगली घुसळणारी हवा, ‘एफ’ म्हणजे निपचित पडलेली. आजही धोकादायक कारखान्यांचे आराखडे करताना हेच वर्ग वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नियमांत सर्वांत वाईट प्रसंग कोणता धरावा, तर ‘एफ’ वर्गाची हवा आणि सेकंदाला दीड मीटर वेगाचा वारा.

या दीड मीटरकडे मी डॉक्टर म्हणून जरा वेगळ्या नजरेने पाहतो. ज्येष्ठांची तपासणी करताना आम्ही चालण्याचा वेग मोजतो. जमिनीवर चार मीटरची खूण करून रुग्णास नेहमीच्या चालीने चालावयास सांगतो. पाच सेकंद किंवा अधिक वेळ लागला, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा कमी असला, तर स्नायूंची शक्ती पुरेशी नाही असे समजतो. आता हिशेब करा. अत्यंत मंद, जेमतेम जाणवणाऱ्या वाऱ्यावर स्वार झालेला वायू एक किलोमीटर अंतर अकरा मिनिटांत कापतो. आपले सत्तरी-ऐंशीतील आप्त त्याच अंतराला वीस मिनिटांहून अधिक घेतील, तेही वाटेत दम लागला नाही तर. शिवाय स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. घाबरून धावपळ करणारा त्याच्या कित्येक पट घेतो. म्हणजे पळणारा वृद्ध वायूच्या मागे तर पडतोच, वर अधिक विषही ओढून घेतो.

कारखान्यात वाऱ्यावर लक्ष कसे ठेवतात, हेही थोडे पाहू. चांगल्या कारखान्यात मोकळ्या जागी दहा मीटर उंचीच्या खांबावर वाऱ्याची दिशा व वेग मोजणारी उपकरणे असतात. सोबत तापमान, आर्द्रता, हवेचा दाब व पाऊस यांची नोंद होते. काही ठिकाणी दोन निरनिराळ्या उंचींवर तापमान मोजतात, जेणेकरून वर सांगितलेले झाकण बसले आहे का ते कळते. हे आकडे अखंड नियंत्रण कक्षात पोहोचतात आणि गळती झालीच तर संगणक नकाशावर त्या ढगाची संभाव्य वाट रेखाटतो. वीज कडाडू लागली की टँकर रिकामे करणे थांबवितात, वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की क्रेनचे काम बंद ठेवतात, तेही याच आकड्यांवरून.

पण उपकरण लावले म्हणजे मोजमाप झाले असे नव्हे, हे मी आपणांस वेगळे सांगावयास नको. स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला रक्तदाब आणि मुदत संपलेल्या पट्टीवर तपासलेली साखर यांचा किती भरवसा धरावा, हे आपण अनुभवाने जाणता. वारामापकाचेही तसेच. दोन इमारतींच्या मधल्या बोळात किंवा उंच टाकीच्या आडोशाला लावलेले उपकरण त्या बोळातील वारा सांगते, गावाकडे जाणारा नव्हे. आणखी एक बारीक गोष्ट आहे. फिरत्या वाट्यांचे जुन्या पद्धतीचे वारामापक अतिमंद वाऱ्यात फिरतच नाहीत. जी हवा सर्वांत धोक्याची, तिच्यातच ते शून्य दाखवितात. म्हणून आता ध्वनिलहरींवर चालणारी, फिरता भाग नसलेली उपकरणे अधिक योग्य मानली जातात.

आपल्या हातातील मोबाइलवरचा वाऱ्याचा बाण याला पर्याय होऊ शकत नाही. तो मोठ्या टापूचा अंदाज असतो. आपल्या गल्लीतील वारा डोंगर, खाडी, नदी आणि दिवसाची वेळ यांप्रमाणे बदलतो. कोकणपट्टीत तर हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. दिवसा समुद्रावरून येणारे ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. कारखाना आपल्या गावाच्या पूर्वेस असेल तर दिवसा त्याचा वास आपल्याकडे येत नाही आणि आपण निश्चिंत असतो. रात्री वारा फिरला की तोच कारखाना आपल्या वाऱ्यावर येतो. महाड व रोह्यासारख्या नदीखोऱ्यांतील गावांत रात्री डोंगरउतारावरची थंड हवा खाली उतरून नदीच्या वाटेने सरकते, ही त्यात आणखी भर. तेव्हा “आमच्याकडे कधी वास येत नाही हो” हे वाक्य बोलताना ते दिवसाचे आहे की रात्रीचे, याचा विचार व्हावा.

हे सारे एका कुटुंबाच्या संदर्भात माझ्यासमोर फार स्पष्टपणे आले. रायगड जिल्ह्यात औद्योगिक वसाहतीपासून दीडेक किलोमीटरवर त्यांचे घर आहे. घरातील आजोबा ऐंशीच्या पुढचे, फुप्फुसांचा जुनाट विकार, रात्रभर प्राणवायूचे यंत्र लागते. मुलगा पाळीवर जातो. सारे सून पाहते. एकदा औषधे न्यावयास आली असता तिने विचारले, “डॉक्टर, कंपनीचा भोंगा झाला तर आबांना घेऊन मी कुठं पळू?”

मी उलट विचारले, “आबांना हमरस्त्यापर्यंत न्यायला किती वेळ लागतो, कधी पाहिलंत?”

“रस्त्यापर्यंत कशाला? न्हाणीपर्यंत न्यायलाच दहा मिनिटं जातात.”

पुढच्या रविवारी नवऱ्याच्या मदतीने तिने घड्याळ लावून पाहिले. खाटेवरून उठविणे, चप्पल, काठी, पायऱ्या, रिक्षा: सव्वीस मिनिटे. दीड किलोमीटरसाठी मंद वाऱ्याला सतराच पुरतात. प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यानेच दिले. पळावयाचे नाही, घरातच निवाऱ्याची खोली तयार ठेवावयाची.

त्यानंतर तिने केलेली गोष्ट मला विशेष वाटली. संध्याकाळी देवापुढील उदबत्ती झाली की ती घेऊन अंगणात यावयाचे आणि धूर कोणीकडे जातो ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एका बाणाने टिपावयाचे. पहाटे पुन्हा एकदा. देवळाच्या शिखरावरील ध्वज मंद वाऱ्यात हलत नाही, उदबत्तीचा धूर मात्र हलतो. महिनाभराचे बाण पाहिल्यावर थंडीतील पहाटवारा बहुतेक दिवस वसाहतीकडूनच येतो हे त्या घरात सर्वांना कळून चुकले. आजोबांची खाट मग वसाहतीकडील खिडकीजवळून हलवून घराच्या दुसऱ्या बाजूच्या, एकच खिडकी असलेल्या खोलीत गेली.

आपल्या घरी अशी खोली कोणती, हे आजच ठरवावे. कमीत कमी दारे-खिडक्या असलेली, शक्य तर वरच्या मजल्यावरची आणि कारखान्याच्या विरुद्ध बाजूची खोली उत्तम. क्लोरीनसारखे बहुतेक घातक वायू हवेपेक्षा जड असतात, म्हणून वरचा मजला बरा. अमोनिया मुळात हलका. परंतु थंड द्रवरूपात सांडला तर त्याचाही ढग काही काळ जमिनीलगतच राहतो. खिडकीवरचा झरोका, न्हाणीघरातील हवा बाहेर टाकणारा पंखा, स्वयंपाकघरातील चिमणी, वातानुकूलन यंत्राची भोके या वाटा आपण विसरतो. त्यांवर चिकटवावयास प्लॅस्टिकचा कागद आणि रुंद चिकटपट्टी त्याच खोलीत ठेवावी. दाराखालच्या फटीसाठी जुने टॉवेल, भिजवावयास पाण्याची बादली. भोंगा झाला की पंखे, चिमणी आणि वातानुकूलन बंद. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर तर सर्वांत आधी बंद करावा, कारण तो बाहेरचीच हवा ओढून आत सोडतो. तोंडावर ओला सुती रुमाल धरल्यास पाण्यात विरघळणाऱ्या काही वायूंचा त्रास थोडा कमी होतो. त्यावर फार भिस्त ठेवू नये.

पत्र्याचे छप्पर आणि कुडाच्या भिंती असलेल्या घरात हवा थोपत नाही. अशा कुटुंबांनी शेजारचे कोणते पक्के घर जवळ आहे ते पाहून त्या घरच्या मंडळींशी आधीच बोलून ठेवावे. भोंगा वाजल्यावर ओळखी काढण्यास वेळ नसतो.

बंद खोलीत वायू शिरतच नाही असे नाही, तो उशिरा व कमी शिरतो. म्हणून ढग पुढे निघून गेल्याची सूचना मिळताच उलट वागावे लागते: सर्व दारे-खिडक्या सताड उघडून, आत साचलेले बाहेर जाऊ द्यावे आणि रुग्णास मोकळ्या हवेत आणावे. ही दुसरी पायरी लोक हमखास विसरतात. आणि एक स्पष्ट भेद लक्षात असू द्या. स्वतःच्या घरातील गॅस सिलिंडर गळत असेल तर याच्या नेमके उलट, म्हणजे दारे-खिडक्या लगेच उघडावयाच्या आणि विजेच्या बटणांना हात लावावयाचा नाही. पोलीस किंवा अग्निशमन दल बाहेर पडा म्हणाले, तर माझा लेख बाजूला ठेवून त्यांचे ऐकावे. जे धडधाकट आहेत आणि ढगाच्या कडेला आहेत, त्यांनी वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडावे. निपचित हवेत हा ढग लांब पण अरुंद असतो, त्यामुळे थोडे आडवे अंतरही पुष्कळ उपयोगी पडते.

घरी प्राणवायूचे यंत्र असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते यंत्र खोलीतीलच हवा घेऊन तिच्यातील नायट्रोजन वेगळा करते. त्याची जाळी धूळ अडविते, विषारी वायू नव्हे. खोलीत वास जाणवू लागला तर भरलेला सिलिंडर हाताशी हवा. दीड घनमीटर क्षमतेचा पूर्ण भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटर या गतीने सुमारे १२ तास पुरतो. आपल्या रुग्णासाठी गती किती, ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. नाकातील नळीसोबत आजूबाजूची हवाही आत जातेच, म्हणून सिलिंडर आहे म्हणजे संरक्षण आहे असे समजू नये.

वासावर विसंबण्याची सवय मात्र ज्येष्ठांनी सोडलेली बरी. वयानुसार घ्राणशक्ती मंदावते आणि अनेकांना त्याची जाणीवही नसते. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तर प्रमाण वाढले की वासाची जाणीवच बधिर करतो. वास गेला म्हणून धोका टळला असे वाटते, ते खरे नसते. कानांचेही तेच. रात्री श्रवणयंत्र काढून ठेवलेल्या, वर झोपेची गोळी घेतलेल्या माणसास दूरचा भोंगा ऐकू येणार नाही. अशा व्यक्ती एकट्या झोपत असतील तर भोंगा झाल्यावर त्यांना कोणी उठवावयाचे, ते नाव घेऊन ठरलेले असावे. “कोणीतरी उठवेल” यात कोणीच उठवीत नाही.

भोंगा वाजेलच, हेही गृहीत धरू नये. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटापुरम येथील कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. टाळेबंदीमुळे कारखाना बरेच दिवस बंद होता, उन्हाळा होता आणि टाकीतील द्रव पुरेसा थंड राखला गेला नव्हता. आतल्या आत रासायनिक क्रिया होऊन तो तापत गेला. स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीनपट जड. वेळ पुन्हा झोपेची आणि निपचित हवेची. बारा माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. गावाला सावध करणारा भोंगा वाजलाच नाही, ही बाब राज्य सरकारच्या चौकशी समितीने अहवालात नोंदविली.

या घटनेतून हवामानाची दुसरी बाजूही दिसते. गळतीनंतर वायू कोठे जाणार हे तर हवा ठरवितेच. परंतु गळती होण्याआधीही ऊन, पूर आणि वादळ ही कारणे आत काम करीत असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पुराने टेक्सासमधील क्रॉस्बी येथील कारखान्याची वीज गेली, शीतगृहे बंद पडली आणि तेथील सेंद्रिय पेरॉक्साइड आपोआप पेटले. पण ते पेटण्यापूर्वीच भोवतालच्या दीड मैलांतील रहिवाशांना हलविण्यात आले होते. येथे मात्र आधी निघणे शहाणपणाचे ठरले, कारण हवामानाने दिवसांची सवड दिली होती. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेही सूचना देऊनच. तेव्हा वादळ-पुराचा इशारा असेल आणि घर कारखान्यालगत असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे हलवावे, असे मी सुचवितो. सवड असेल तेव्हा निघावे. मिनिटेच हाती असतील तेव्हा आत थांबावे.

आता कारखान्याकडे काय मागावे, ते सांगतो. घातक रसायनांविषयीचे १९८९ चे केंद्रीय नियम आपल्या बाजूने आहेत. मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्याने परिसरातील लोकांना धोक्याचे स्वरूप आणि अशा वेळी काय करावे, काय करू नये, हे कळविले पाहिजे, असे त्यांतील पंधरावा नियम सांगतो. आवाराबाहेरच्या आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा व्हावी, हेही त्यांतच आहे. वर उल्लेखिलेल्या कुटुंबातील मुलगा माहिती मागण्यास प्रथम गेला तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला परत पाठविले. दुसऱ्या खेपेस सरपंच व ग्रामसेवक सोबत होते. त्या वेळी सुरक्षा अधिकारी स्वतः बाहेर आले आणि एक पत्रक हाती दिले. ते संपूर्ण इंग्रजीत होते. मराठीतील पत्रक मिळावयास आणखी दोन महिने लागले. त्यात एकाच आवारातील दोन वायूंची नावे, भोंग्याच्या खुणा आणि नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक होता. एवढ्यासाठी तीन फेऱ्या पडू नयेत. पण पडल्या तर घालाव्यात.

आपणही एकट्याने न जाता ज्येष्ठ नागरिक संघातर्फे किंवा ग्रामपंचायतीतर्फे जावे. कोणते वायू साठविले आहेत, भोंगा कोणत्या प्रकारे वाजला म्हणजे धोका व कसा वाजला म्हणजे धोका टळला (प्रत्येक कारखान्याची खूण निराळी असू शकते), विंडसॉक वस्तीकडून दिसेल अशा जागी आहे का आणि रात्री त्यावर दिवा असतो का, एवढे विचारावे. वाऱ्याची दिशा दाखविणारा फलक फाटकावर लावण्याची विनंतीही करावी. जे आकडे नियंत्रण कक्षात प्रत्येक क्षणी उमटत आहेत, ते बाहेर दाखविण्यास फारसा खर्च येत नाही. उत्तर न मिळाल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाकडे किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी अर्ज द्यावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ लावावेत.

शेवटी, वायूचा संपर्क झालाच तर. डोळे चोळू नयेत. साध्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावेत. अंगावरचे कपडे काढावेत, सदरा डोक्यावरून ओढून काढण्याऐवजी कात्रीने कापावा, म्हणजे तोंडाला लागत नाही. अंग साबण-पाण्याने धुवावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, तूप-तेल पाजू नये. ज्यांना नेहमीचा फवारा दिलेला आहे त्यांनी तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावा आणि पूर्ण विश्रांती घ्यावी. जिना चढणेही नको.

रुग्ण तासाभरात बरा दिसू लागला तरी त्यास डॉक्टरांकडे न्यावे. काही वायूंमुळे फुप्फुसांत पाणी साचण्यास अनेक तास, क्वचित एक-दोन दिवसही लागतात. तेवढा काळ रुग्णास एकटे ठेवू नये. दम वाढणे, छातीत आवळल्यासारखे होणे, फेसाळ थुंकी, ओठ निळसर दिसणे ही लक्षणे आपण ओळखालच. पण वृद्धांमध्ये पहिले लक्षण पुष्कळदा निराळेच असते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, सुस्तावतो किंवा ओळखीच्या खोलीत गोंधळतो. बोटाला लावावयाच्या प्राणवायूमापकावर त्या वेळी फार विसंबू नये. आगीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड शरीरात गेला असेल तर ते यंत्र आकडा चांगलाच दाखविते. आणि डॉक्टरांकडे पोहोचल्यावर घटना किती वाजता झाली, रुग्ण तेव्हा घरात होता की बाहेर, घर कारखान्याच्या कोणत्या बाजूस आहे आणि त्या वेळी वारा कोणीकडचा होता, हे सांगावे. कोणता वायू सुटला हे कळण्याआधीच बहुधा आम्हांला उपचार सुरू करावे लागतात, आणि त्या वेळी रुग्णाच्या अंगात किती विष गेले असेल याचा अंदाज बांधण्यास ही माहिती उपयोगी पडते.